ठोके एका हृदयाचे, चिठ्ठ्या पाच डॉक्टरांच्या

हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे ईसीजीवर दिसले, की रुग्णाचा आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ठोके पुन्हा नियमित कधी होतील?’ प्रश्न स्वाभाविक आहे. पण रुग्ण सत्तरीच्या पुढचा असेल आणि त्याला आधीपासून रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास किंवा हृदयाची अशक्तता असेल, तर त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय करणार? आणि या सगळ्या आजारांच्या सगळ्या गोळ्यांचा एकत्रित हिशेब कोण ठेवणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने बऱ्यापैकी पक्के दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर आपल्या आरोग्यव्यवस्थेकडे नाही, आणि माझ्या मते अशा रुग्णांचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

आधी आजार समजून घेऊ. निरोगी हृदयात वरचे दोन कप्पे ठरावीक तालात आकुंचन पावतात आणि रक्त खालच्या कप्प्यांत ढकलतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे अनियमित ठोक्यांच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या दीर्घकालीन आजारात, वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तिथे रक्त साचू लागते. डावीकडच्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिच्यात रक्ताची गुठळी तयार होण्याची शक्यता वाढते. ही गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासाने १९९१ मध्ये दाखवून दिले, की या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. काहींना छातीत धडधडते, काहींना दम लागतो किंवा थकवा येतो. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही. त्यांना आजाराचा पत्ता लागतो तो पक्षाघात झाल्यावरच.

हा आजार सहसा एकटा येत नाही. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइड, फुप्फुसांचे जुने विकार, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, हृदयाची अशक्तता हे सगळे ठोके बिघडायला मदत करतात. आणि बिघडलेले ठोके यातल्या काही आजारांना आणखी बळ देतात. आपल्याकडे त्यात संधिवाताच्या तापाने निकामी झालेल्या झडपांची भर पडते. पाश्चात्त्य देशांत हा त्रास आता क्वचित दिसतो. भारतात अजूनही दिसतो, आणि तोही तुलनेने तरुण रुग्णांत.

प्रत्येक चिठ्ठी बरोबर, बेरीज चूक

उदाहरणादाखल बहात्तर वर्षांच्या एका आजींचे चित्र डोळ्यांसमोर आणा. वीस वर्षांचा रक्तदाब, पंधरा वर्षांचा मधुमेह. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. गुडघे दुखतात. क्रिएटिनिन थोडे वाढलेले आहे. आता ठोके अनियमित असल्याचे निघाले. हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त गोठू न देणारी गोळी सुरू केली. स्टेंटच्या वेळची ॲस्पिरिन चालूच राहिली, कारण ती कधी थांबवायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नव्हते. गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी पाच दिवसांपुरती वेदनाशामक गोळी दिली. ती पुढे मेडिकलमधून चिठ्ठीविनाच येत राहिली. त्या गोळीने पायांना सूज आली, रक्तदाब वाढला, मूत्रपिंडावर ताण आला. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारी औषधे शरीरात साचू लागली. मग एक दिवस शौच काळी झाली. घाबरलेल्या मुलाने ‘रक्त पातळ करणारी’ गोळी बंद केली आणि ॲस्पिरिन चालू ठेवली, कारण ‘ती तर साधी गोळी’.

यातली प्रत्येक चिठ्ठी लिहिली गेली त्या दिवशी आपल्या जागी बरोबर होती. पण सगळ्या मिळून आधी रक्तस्राव झाला, आणि मग नेमकी तीच गोळी सुटली जी आजींना पक्षाघातापासून वाचवत होती. तज्ज्ञ कमी पडले नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचणारे माणूसच नव्हते.

आलेख सुधारला, माणसाचे काय?

ठोके नियमित करण्याच्या हट्टाला वैद्यकशास्त्रात एक कटू इतिहास आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांमध्ये खालच्या कप्प्यांतून निघणारे जादा ठोके धोक्याचे मानले जात. ते दाबणारी औषधे दिली तर मृत्यू टळतील, असा सरळ तर्क होता. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत हा तर्क तपासला गेला आणि १९८९ मध्ये त्यातल्या दोन औषधांचा भाग घाईने थांबवावा लागला. औषधांनी ईसीजी सुधारला होता, पण औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. त्यातले फ्लेकेनाइड आजही एट्रियल फिब्रिलेशनसाठी वापरले जाते, पण हृदयधमन्यांचा आजार किंवा अशक्त हृदय असलेल्या रुग्णाला ते देऊ नये, हा धडा त्या चाचणीने कायमचा दिला. एकाच आजाराचे औषध, पण सोबतचा आजार बदलला की तेच घातक.

एट्रियल फिब्रिलेशनबाबतही २००२ मध्ये ‘अफर्म’ चाचणीने डोळे उघडले. सरासरी सत्तरीच्या ४,०६० रुग्णांपैकी निम्म्यांचे ठोके नियमित ठेवण्याचा प्रयत्न झाला. उरलेल्यांत फक्त त्यांचा वेग आटोक्यात ठेवला गेला. ठोके नियमित करणाऱ्यांचे आयुष्य वाढले नाही. आणि दोन्ही गटांतले बहुतेक पक्षाघात अशा रुग्णांना झाले, ज्यांची रक्त गोठू न देणारी गोळी बंद झाली होती किंवा तिचा डोस अपुरा पडत होता. ठोके सुधारले म्हणून गोळी बंद करणे किती महागात पडते, याचा हा धडा आहे.

म्हणजे ठोके नियमित करण्याचा प्रयत्नच करू नये का? तसेही नाही. २०२० मध्ये ‘ईस्ट’ या युरोपीय चाचणीने २,७८९ रुग्णांवर दाखवले, की निदानानंतर वर्षभरातच प्रयत्न सुरू केले तर हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पक्षाघात यांसह गंभीर घटना कमी होतात. पुढच्या विश्लेषणात तर हा फायदा अनेक आजार असलेल्या रुग्णांना अधिक झाल्याचे दिसले. पण या चाचणीत दहापैकी नऊ रुग्ण रक्त गोठू न देणारी गोळी घेत होते आणि त्यांच्या इतर आजारांवरही लक्ष होते, हे विसरून चालणार नाही. वय झाले, आजार जास्त आहेत, आता कशाला, असे म्हणून हात झटकणेही चूक आणि बाकी सगळे सोडून ठोक्यांच्या मागे लागणेही चूक.

ॲस्पिरिनचा खोटा दिलासा

आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज रक्त गोठू न देणाऱ्या गोळीबद्दल आहेत. ‘रक्त पातळ होते’ या शब्दांनीच माणूस धास्तावतो. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही. ते गोठायला अधिक वेळ लागतो. वॉरफरिन हे जुने औषध पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी करते. ॲस्पिरिनचा परिणाम त्या मानाने फारच तोकडा आहे. तरीही ‘वय जास्त आहे, त्रास नको’ म्हणून ॲस्पिरिनवर भागवले जाते.

हा समजुतीचा मामला राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली पंच्याहत्तरीच्या पुढच्या ९७३ रुग्णांवर झालेल्या ‘बाफ्टा’ चाचणीत वॉरफरिन घेणाऱ्यांत गंभीर पक्षाघात वगैरेंचे प्रमाण वर्षाला १.८ टक्के होते, ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३.८ टक्के. आणि मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. २०११ मध्ये ‘ॲव्हेरोज’ चाचणीत वॉरफरिन चालण्यासारखे नाही असे समजल्या गेलेल्या ५,५९९ रुग्णांत अपिक्साबान या नव्या औषधाने हेच पुन्हा दाखवले. म्हणजे या आजारात ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका ठेवते आणि संरक्षण मात्र देत नाही.

‘आजोबा पडतात, त्यांना ही गोळी नको’ हाही एक ठरलेला युक्तिवाद. कॅनडातील संशोधकांनी १९९९ मध्ये याचे गणित मांडले. पडून मेंदूभोवती रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा मोठा ठरायला सर्वसाधारण रुग्णाला वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल, असे उत्तर आले. हे गणित आहे, प्रत्येक आजोबांना जसेच्या तसे लागू होणारा नियम नाही. पण नुसते पडण्याचे भय हे गोळी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. गोळी बंद करण्याऐवजी न्हाणीघरात धरायला दांडी बसवणे, चष्म्याचा नंबर तपासणे आणि रात्रीची झोपेची गोळी खरेच हवी का हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

मात्र सोबतचे आजार इथेही निवड बदलतात. नवी औषधे सोयीची आहेत. सतत रक्त तपासावे लागत नाही. भारतात जेनेरिक गोळ्या आल्यापासून किंमतही बरीच उतरली आहे. पण संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्या रुग्णांना जुनेच औषध अधिक चांगले, हे २०२२ च्या ‘इनव्हिक्टस’ चाचणीने स्पष्ट केले. नेदरलँड्समधील २०२३ च्या ‘फ्रेल-एएफ’ चाचणीत थकलेल्या, दुर्बल वृद्धांचे नीट चाललेले जुने औषध बदलून नवे दिले, तेव्हा रक्तस्राव वाढला, १५.३ टक्के, विरुद्ध जुन्यावरच राहिलेल्यांत ९.४ टक्के. नवे म्हणजे सर्वांसाठी चांगले, असे नसते.

आजींच्या स्टेंटचे काय? जपानमध्ये २०१९ साली झालेल्या ‘अफायर’ चाचणीत हृदयधमन्यांचा आजार स्थिर झालेल्या रुग्णांना, म्हणजे ज्यांच्या अँजिओप्लास्टीला वर्ष उलटून गेले होते अशांनाही, केवळ रक्त गोठू न देणारी एकच गोळी दिली गेली. ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी जोडलेल्या रुग्णांपेक्षा त्यांच्यात रक्तस्रावही कमी झाला आणि मृत्यूही. म्हणजे स्टेंटनंतर साधारण वर्षभराने बहुतेकांची ॲस्पिरिन थांबवता येते. पण ते थांबवायचे कोणी? हृदयरोगतज्ज्ञांची पुढची भेट ठरलेली नसते आणि बाकीचे डॉक्टर ‘हृदयाच्या गोळीला’ हात लावायला धजत नाहीत. म्हणून ती चालू राहते.

मुळावर इलाज

ठोक्यांच्या आजाराचे अर्धे उपचार ठोक्यांच्या औषधांत नाहीतच. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या ‘लेगसी’ अभ्यासात (२०१५) वजन १० टक्के किंवा त्याहून अधिक घटवून ते टिकवणाऱ्या लठ्ठ रुग्णांत ठोके नियमित राहण्याची शक्यता सहापट आढळली. त्याच देशात २०२० मध्ये १४० नियमित मद्यपींवर चाचणी झाली. दारू सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांत आजार उलटला, न सोडलेल्यांत ७३ टक्क्यांत. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे याकडे आपल्याकडे विनोदाचा विषय म्हणून पाहतात. अनियमित ठोक्यांच्या रुग्णात तो तपासण्याचा विषय आहे. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच क्रम बदलला. सोबतचे आजार पहिल्या स्थानावर, पक्षाघात टाळणे दुसऱ्या, त्रासाची लक्षणे कमी करणे तिसऱ्या आणि वेळोवेळी फेरतपासणी चौथ्या.

या सूचना युरोपात लिहिल्या गेल्या. आपल्या घरांतले काही प्रश्न त्यांत सापडायचे नाहीत. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन रक्त गोठू न देणाऱ्या बहुतेक औषधांचा परिणाम मोठ्या प्रमाणात घटवते. क्षयरोगाचा उपचार सुरू होताना आणि संपताना हृदयाच्या गोळ्यांचा फेरविचार व्हायलाच हवा. जुनी गोळी घेणाऱ्यांना ‘पालेभाजी बंद’ असे सांगितले जाते. खरे तर मेथी-पालक बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायची असते. रिव्हारोक्साबानची नेहमीची मोठ्या डोसची गोळी जेवणासोबत घ्यावी लागते. रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. एकादशीला किंवा नवरात्रात दिवसभर काही न खाता ती घेणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले असते का? अपिक्साबानचा डोस वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक यांपैकी दोन गोष्टी असल्यास निम्मा करतात. आपल्याकडच्या बारीक चणीच्या म्हाताऱ्या माणसांत हे निकष अनेकदा लागू पडतात. पण ते न तपासता ‘जपून’ म्हणून डोस कमी करणे म्हणजे संरक्षणच कमी करणे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिनिन वर्षातून किमान दोनदा तरी पाहायला हवे. आणि गुडघेदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेणे तर पूर्ण बंद.

एक डॉक्टर, एक यादी

हे सगळे जुळवून पाहणार कोण? माझे उत्तर जुनेच आहे : फॅमिली डॉक्टर. ‘ते साधे डॉक्टर, त्यांना हृदयातले काय कळणार’ असे म्हणून आपण त्यांना बाजूला सारले आणि थेट सुपरस्पेशालिस्टकडे धावू लागलो. विम्याच्या योजनाही मुख्यतः दाखल झाल्यानंतरच्या उपचारांभोवती बांधल्या गेल्या. स्टेंटला पैसे मिळतात. दर तीन महिन्यांनी पाच चिठ्ठ्या समोर ठेवून अर्धा तास बसणाऱ्या डॉक्टरला मिळत नाहीत.

या साध्या कामाचे मोल मोजले गेले आहे. नेदरलँड्समध्ये ‘ऑल-इन’ नावाच्या चाचणीत (२०२०) पासष्टीच्या पुढच्या रुग्णांची काळजी गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे आणि प्रशिक्षित परिचारिकांकडे दिली. दर तीन महिन्यांनी सोबतच्या आजारांसह पूर्ण तपासणी, आणि अडले तर हृदयरोगतज्ज्ञांना सहज विचारण्याची सोय, एवढेच वेगळे होते. मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच देशातील दुसऱ्या एका चाचणीत, ‘रेस ४’मध्ये, परिचारिकांच्या खास केंद्रांचा एकूण निकालांत ठोस फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण ती केंद्रे हृदयरोग विभागांत होती. ‘ऑल-इन’मधला रुग्ण त्याला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या, त्याचे सगळे आजार ठाऊक असलेल्या डॉक्टरकडे होता. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

आक्षेप येईल, की आपल्या डॉक्टरांकडे एवढा वेळ कुठे आहे? खरे आहे, पण परिचारिका आणि औषधनिर्माते यांना प्रशिक्षण देऊन यातले बरेच काम त्यांच्याकडे सोपवता येईल. दुसरा आक्षेप असा, की फॅमिली डॉक्टर तज्ज्ञांची गोळी बदलण्याचे धाडस करणार नाहीत. ते धाडस त्यांनी एकट्याने करावे असे कोणी म्हणत नाही. एक फोन आणि दोघांच्या संमतीची एक नोंद पुरेशी आहे.

त्यासाठी तीन गोष्टी लगेच करता येतील. सरकारी तपासणी मोहिमांत रक्तदाब पाहिला जातो. साठीपुढच्या प्रत्येकाची नाडीही त्याच वेळी बोटांनी मिनिटभर पाहावी आणि अनियमित वाटल्यास ईसीजी काढावा. यंत्राने घेतलेला रक्तदाब अशा रुग्णांत चुकू शकतो, म्हणूनही नाडीवर हात हवाच. दुसरे, रक्त गोठू न देणारी औषधे आणि जुन्या औषधासाठी लागणारी आयएनआर तपासणी ग्रामीण रुग्णालयापर्यंत खात्रीने पोचावी. तिसरे, कोणती गोळी कशासाठी, कधीपर्यंत आणि ती थांबवण्याचा निर्णय कोणाचा, हे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिणे बंधनकारक करावे.

रुग्णाला काय हवे, हेही त्या यादीत असावे. पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना कदाचित ठोक्यांचा आलेख सरळ नको असेल. दम न लागता देवळापर्यंत चालत जाता यावे, एवढेच हवे असेल. काहींना पक्षाघाताने परावलंबी होण्याची भीती मरणापेक्षा मोठी वाटते. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि पाच डॉक्टरांपैकी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने विचारले असेल.

व्यवस्था बदलायला वेळ लागेल. तोपर्यंत घरात कोणाला हा आजार असेल, तर सगळ्या गोळ्यांची एकच यादी आजच करावी. त्यात वेदनाशामक, काढे आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही असाव्यात. दात काढण्यापूर्वी, शस्त्रक्रियेपूर्वी, नवे औषध सुरू होताना ती दाखवावी. रक्त गोठू न देणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. रक्तस्राव दिसला तर वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. आणि ती यादी ज्यांच्याकडे वर्षातून चार वेळा घेऊन जायची, तो एक डॉक्टर ठरवावा. बाकी चार तज्ज्ञ लागतीलच. पण हिशेबाची वही एकाच्याच हातात असली पाहिजे.